ह्यात दूध किती हाय?

गावाकडून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो. "तिकडं चीज एकदम भारी मिळत असेल ना रे?" मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो म्हटल्यावर तर विचारायलाच नको. इथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच 'अमेरिकाज डेअरीलँड' असं छापलेलं असतं. मी आजवर "हो, मिळतं की" म्हणून विषय संपवायचो. गेल्या उन्हाळ्यात अण्णा चार महिने आमच्याकडे राहून गेले, आणि माझ्याच घराजवळचं दुकान मला नव्याने कळलं. त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. ती सांगायची आहे म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा माणूस. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ. फॅट एका पॉइंटने खाली लागलं की अण्णांचं जेवणात लक्ष नसायचं. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला वारी.

तर आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. इथल्या मोठ्या ग्रोसरी स्टोअरमध्ये चीजची एक अख्खी भिंत असते. स्लाइस, किसलेल्या चीजच्या पिशव्या, विटांसारखे ब्लॉक, मुलांसाठी कांड्या. अण्णा टोपी सावरत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "ह्यात दूध किती हाय?"

मला हसू आलं. पण खरं सांगतो, बारा वर्षांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी किंमत बघायचो आणि पाकिटावरचं चित्र बघायचो. लाल कोठार, हिरवं कुरण, ठिपक्यांची गाय. चित्र सगळ्यांवर सारखंच असतं.

मग आम्ही पाकिटं उलटी करून वाचायला लागलो. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, अण्णा मान हलवायचे.

तेव्हा कळलं की इथे नावाला कायदा आहे. नुसतं 'चेडर' लिहायचं असेल तर त्यात पाणी 39 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि बाकीच्या घन भागात निम्मं तरी दुधाचं फॅट लागतं. हे ऐकून अण्णा खूश झाले, "म्हंजे फॅट लावत्यात की!" पुढची पायरी 'प्रोसेस चीज'. म्हणजे चीज वितळवून, त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालून परत थापलेलं. आपण लहानपणी वाढदिवसाला खाल्लेला क्यूब याच जातीचा. त्याच्या खाली 'चीज फूड', ज्यात निम्म्याहून जरा जास्त, 51 टक्के, चीज असलं की भागतं. आणि सगळ्यात खाली 'चीज प्रॉडक्ट'. या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही.

गंमत अशी की सरकार हे सगळं नीट जाणून आहे. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी इथे 'विक' नावाची पोषण योजना आहे. तिच्यात चेडर चालतं, मोझरेला चालतं, साधं प्रोसेस अमेरिकन चीजही चालतं. 'फूड' आणि 'प्रॉडक्ट' चालत नाही. स्वतःच्या तिजोरीतून पैसे द्यायची वेळ आली की सरकार अण्णांसारखंच विचारतं, ह्यात दूध किती?

याला इतिहास आहे. दुधाचा भाव पडू नये म्हणून इथलं सरकार वर्षानुवर्षं लोणी, दूध पावडर आणि चीज विकत घेऊन साठवत होतं. साठा इतका वाढला की मिझुरीतल्या जमिनीखालच्या चुनखडीच्या खाणींमध्ये चीज ठेवायची पाळी आली. शेवटी डिसेंबर 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटायचा निर्णय जाहीर केला. पाच-पाच पौंडांच्या विटा, पिवळ्या-केशरी. इथली साठीतली माणसं अजून 'गव्हर्न्मेंट चीज' म्हणून त्याची आठवण काढतात, कुणी आवडीने, कुणी त्या रांगेची लाज आठवून. (तो केशरी रंग बऱ्याचदा शेंद्रीच्या बियांचा असतो. त्याचा चवीशी काही संबंध नाही.)

आता चांगलं चीज नेमकं कुठे मिळतं ते सांगतो, कारण ते मिळतं. पण भिंतीवर कमी. बहुतेक मोठ्या दुकानांत ब्रेडच्या किंवा डेलीच्या बाजूला एक वेगळं छोटं कपाट असतं. तिथे चीज कापून, वजन करून, वर तारीख टाकून ठेवतात. काउंटरवर माणूस असेल तर चव मागायची, न लाजता. तो देतो. त्याच कपाटाजवळ पुष्कळदा एक टोपली असते, उरलेल्या छोट्या तुकड्यांची. चार-पाच डॉलरात एक उत्तम तुकडा मिळून जातो आणि नाही आवडला तर फार नुकसान नाही. किसलेलं शक्यतो घेऊ नका. ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचं स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे नीट वितळतही नाही. ब्लॉक आणायचा आणि घरी किसायचा. आणि घटकांची यादी जितकी छोटी तितकं बरं. दूध, मीठ, विरजण, एन्झाइम. बस.

ही छोट्या यादीची अक्कल मला त्या आठवड्यात नवीनच आली होती, आणि तिथेच मी घसरलो.

त्या कपाटात मला पार्मिजानो रेजानो सापडलं. इटलीचं, किमान बारा महिने मुरवलेलं, सालीवर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं. नुसत्या 'पार्मेझान' नावाने इथे कुणीही चीज बनवू शकतो, पण हे पूर्ण नाव फक्त इटलीतल्या त्या भागातल्या चीजला. मागे घटक फक्त तीन. दूध, मीठ, रेनेट. मी अण्णांना अभिमानाने वाचून दाखवलं, "बघा अण्णा, तीनच वस्तू!" त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तुपाच्या बेरीत मीठ घातल्यागत लागतंय." मग तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी त्यांना एक कपचा द्यायचो. तेही वाट बघायचे.

एका शनिवारी आम्ही मॅडिसनला कॅपिटलच्या चौकात शेतकरी बाजाराला गेलो. तिथे ताजं चीज कर्ड मिळतं, दाताखाली चुईंचुईं वाजतं, अण्णांना त्याची फार मजा वाटली. एका चीजवाल्याच्या स्टॉलवर पाटी होती, 'व्हेजिटेरियन रेनेट'. मी सहज विचारलं, म्हणजे दुसरं काय असतं? तो म्हणाला, वासराच्या पोटातलं. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, दूध फाडायला. आता अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बुरशी-यीस्टकडून तयार करून घेतलेलं एन्झाइम वापरतात, 1990 सालीच त्याला परवानगी मिळाली. पण खरं पार्मिजानो? ते नेहमीच वासराचं.

अण्णा शेजारीच उभे होते. "काय म्हनतोय त्यो?" मी काहीतरी दुसरंच सांगितलं.

रात्री जेवणानंतर त्यांनी वाटीकडे बघितलं, तेव्हा मात्र सांगावं लागलं. ते बराच वेळ गप्प होते. हात माळेवर. मग म्हणाले, "तुला ठावं हुतं का?"

"नाही अण्णा."

"पर लिवलेलं हुतं."

"हो. लिहिलेलं होतं."

"मग तू वाचलंस काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तीन वस्तू मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती, तरी अण्णांनी उपास केला. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. ही गोष्ट मी आईलाही अजून सांगितलेली नाही. आता ती हे वाचेल.

म्हणून शाकाहारी लोकांसाठी स्पष्ट लिहितो. इथे आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलं असेल तर ते कशाचे हे त्यावरून कळत नाही. 'व्हेजिटेरियन', 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' असं लिहिलेलं शोधा, नाहीतर काउंटरवर विचारा.

पुढच्या शनिवारी अण्णा स्वतःहून म्हणाले, "चल त्या वासराबद्दल खरं बोलनाऱ्याकडं." त्यांनी माझ्यामार्फत त्याला दर विचारला. तो म्हणाला, शेतकऱ्याला शंभर पौंडाला वीस डॉलरच्या आसपास, कधी खाली, कधी वर. अण्णांनी मला हिशोब करायला लावला. शंभर पौंड म्हणजे साधारण 44 लिटर, लिटरला पंचेचाळीस सेंट, म्हणजे चाळीस रुपयांच्या आतबाहेर. एका पौंड चेडरला सुमारे दहा पौंड दूध, त्याचे शेतकऱ्याला दोन डॉलर. अण्णांना वाटलं मी चुकतोय. परत करायला लावला. "म्हंजे आमच्यापेक्षा चार-पाच रुपयंच जास्त? आन् ह्यो अमेरिकेत?"

वीसेक वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये पंधरा हजारांच्या आसपास दूधवाली शेतं होती. आता सहा हजारांच्या खाली आलीत. गाई जवळपास तेवढ्याच आहेत, फक्त गोठे मोठे झाले आणि घरं कमी झाली. त्या चीजवाल्याच्या वडिलांनीही गाई विकल्या होत्या. हे ऐकल्यावर अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भाषेची गरज लागली नाही.

इथे चीज शब्दाला जो काही पहारा आहे तो खाणाऱ्यासाठी आहेच, पण या माणसासाठीही आहे. दुधाशिवाय 'चेडर' म्हणून विकता आलं असतं, तर उरलेले सहा हजारही राहिले नसते. आपल्याकडेही नियम आहे. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरलं तर पाकिटावर 'ॲनालॉग' लिहावं लागतं. पण हॉटेलात पाकीट कुठे दिसतं? तिथे सगळंच 'पनीर'. आणि आपणच डेअरीच्या दरासाठी रस्त्यावर दूध ओततो, आणि संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत न विचारता पनीर मसाला वाढून घेतो.

अण्णा परत गेल्यावर महिन्याभराने फोन आला. फलटणला एका हॉटेलात पाहुण्यांबरोबर गेले होते. वेटरला विचारलं म्हणे, "पोरा, ह्या पनीरात दूध किती हाय?" तो मालकाला बोलवायला गेला तो परत आलाच नाही. अण्णांनी मग पिठलं-भाकरी मागवली.

पुढच्या वेळी हॉटेलात गेलात की तुम्हीही विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.