रांजणगाव ते केडगाव

त्रिपुरासुर आधी गणपतीचाच भक्त होता, हे रांजणगावच्या दर्शनरांगेत उभं राहिलं की मला हटकून आठवतं. तप केलं, देव प्रसन्न झाला, सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं अशी तीन पुरं मिळाली. आणि ते वरदानच डोक्यात गेलं. कथा इथेच थांबत नाही. त्याला मारायला निघालेले साक्षात शंकरही आधी हरतात, कारण गणेशाला वंदन करायचं राहून गेलेलं असतं. मग ते माघारी येतात, आराधना करतात, आणि त्रिपुर पडतो. महादेवालाही जिथे परत यावं लागलं, तिथेच आपण दूर्वांची जुडी घेऊन उभे आहोत, या विचाराने मला मोठा धीर येतो.

तिथून एसटीने शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. स्टँडवर न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी गाडी लागली होती. शेजारच्या आजींनी पिशवी मांडीवर घेत मला जागा करून दिली.

“कुठं निघालात, ताई?”

“केडगावला. मुक्ती मिशनमध्ये.”

“म्हंजे पंडिताबाईंच्या तिथं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. दोन्ही बाजूंना ऊस. पारगावला भीमेवरच्या पुलावर आजींनी कनवटीचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि खिडकीतून नदीत टाकलं. मीही हात जोडले.

केडगाव दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर. इथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन, म्हणजे आजचं मुक्ती मिशन, उभं केलं आणि इथेच त्यांची समाधी आहे. माझ्या मनात त्या थोर समाजसुधारक म्हणून होत्याच. पण मला इथवर आणलं ते त्यांच्या भटकंतीने. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरले, मागोमाग सगळं कुटुंब. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंदुस्थानभर हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असणाऱ्या मुलीला ते शोभणारंच होतं. पण ज्या देवांसाठी उपासतापास केले त्यांच्यावरचा विश्वास मात्र वाटेतच गळून गेला होता.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवास तिथे संपला असं आपल्याला वाटतं. त्यांना तसं वाटलं नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या स्वच्छ सांगतात की धर्म हाती आला होता, ख्रिस्त अजून भेटायचा होता. तो भेटायला पुढे कित्येक वर्षं गेली. बुद्धीला पटलं म्हणजे देव मिळाला, हा पंडिताचा समज त्यांनी स्वतःच मोडून काढला. धर्मांतरावरून त्यांच्याशी भांडणाऱ्यांनी आणि त्यांचा गौरव करणाऱ्यांनीही हे पान नीट वाचायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्याच आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या बायकामुलींना घेऊन आल्या. त्याच बायका इथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या: शिशाचं एकेक उलटं अक्षर चिमटीत धरायचं, ओळीत बसवायचं, चुकलं की काढून पुन्हा. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबल मराठीत आणत होत्या. संस्कृतावर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईला भारदस्त, समासांनी लगडलेली मराठी सहज लिहिता आली असती. त्यांनी हट्टाने सोपी लिहिली, कालपरवा अक्षर ओळखायला लागलेल्या बाईला कळेल अशी. त्या कामाने त्यांची अखेरची वर्षं खाल्ली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

संध्याकाळच्या गाडीने मी दौंडला आले. सकाळी भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जायचं आहे. पेशव्यांचं सेनापतिपद गेलेल्या हरिपंत फडक्यांनी तिथे एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या, अशी आख्यायिका आहे. देऊळ टेकडीला लागून असल्याने प्रदक्षिणेला अख्ख्या टेकडीला वळसा पडतो, म्हणून ऊन व्हायच्या आत निघेन.