मांडी, बाबागाडी आणि गाडीतली खुर्ची

थोरली दोन महिन्यांची असताना मी तिला घेऊन माहेराहून सासरी निघाले. साताऱ्याहून कोल्हापूर म्हणजे साधारण सव्वाशे किलोमीटर. कुंची घातलेली, दुपट्यात गुंडाळलेली ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. कराड ओलांडल्यावर एक मोटारसायकलवाला अचानक आडवा आला आणि ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. लेक हातातून सुटली नाही. पण मी पुढे फेकले गेले, माझं कोपर पुढच्या सीटवर आपटलं आणि तिचं डोकं त्या सीटपासून चार बोटांवर येऊन थांबलं.

ती रडलीसुद्धा नाही. घरी पोचल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि विचारलं, "प्रवास कसा झाला गं?" मी म्हटलं, "छान झाला." ह्यांनीही मान डोलावली. ते "छान" आठ वर्षं माझ्या मनात काट्यासारखं सलत होतं.

म्हणून धाकट्याच्या वेळी सातवा महिना लागताच मी जाहीर केलं, की या खेपेला तान्ह्या बाळाची कार सीट घ्यायची. हे लगेच तयार झाले. दुकानात गेलो तर तिथे एक देखणा संच मांडलेला. बाबागाडी, तिच्यावर बसणारी खुर्ची आणि तीच खुर्ची गाडीत. दुकानातल्या मुलाने खुर्ची बाबागाडीवर ठेवली, 'खट्' असा आवाज झाला. दांडा धरून उचलली, पुन्हा 'खट्'. "बाळ गाडीत झोपलं ना ताई, तर झोपमोड न करता थेट बाबागाडीवर!" झोपलेलं बाळ न उठवता उचलायचं, याची किंमत कोणत्या आईला ठाऊक नाही? मी तिथेच विरघळले. संचाची किंमत मात्र ऐकण्यासारखी नव्हती. शिवाय नणंदेने तिची बाबागाडी आधीच देऊ केली होती. मनात आलं, नुसती खुर्ची घेऊ आणि त्याच बाबागाडीवर बसवू.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "पोराला बांधून घालायचं? आणि आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा ती कुठली?" मला उत्तर देता येईना. मी बी. ए. मराठीची, शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. मांडीची महती सांगणारी वाक्यं मला पन्नास सुचतील, विरोधात एक सुचेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. टक्कर होऊन ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ४ किलोचं बाळ धरून ठेवायला तेवढा क्षण ५५ ते ६० किलो वजन पेलण्याइतकं बळ लागतं. "आता सांगा, गव्हाचं पोतं असं अचानक निसटलं तर धरून ठेवाल?" बाईंनी विचारलं. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंना आकडे सांगितले नाहीत. आठ वर्षांपूर्वीची ती चार बोटांची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही मला बोल लावाल असं वाटलं." त्या उठल्या, देवाजवळ दिवा लावला आणि परत येऊन म्हणाल्या, "घे तुझी ती खुर्ची. पण पोराचं तोंड मला दिसलं पाहिजे."

गंमत म्हणजे ती अट आपोआपच पुरी होणारी होती. तान्ह्या बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. धक्का बसला की बाळाचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं. कोवळ्या मानेला हिसका बसत नाही. शेजारी आजी बसली, तर नातवाचं तोंड तिला अगदी समोर दिसतं. पुढच्या सीटवर मात्र, समोर एअरबॅग चालू असेल तर, अशी खुर्ची कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटली तर ती थेट खुर्चीच्या पाठीवर आदळते आणि त्यात बाळाच्या जिवाला धोका असतो.

मग आमचे हेलपाटे सुरू झाले. पहिला धडा बाबागाडीचा. "सगळ्या बाबागाड्यांवर बसते" असं सांगणारे दुकानदार दोन भेटले. आम्ही नणंदेची बाबागाडी डिकीत घालून नेली आणि प्रत्यक्ष लावून पाहिली, तर खुर्ची नुसती वर टेकली, अडकली नाही. अडकवायला दोन छोटे जोडतुकडे लागतात, त्यांना अडॅप्टर म्हणतात. ते त्या-त्या बाबागाडीचे आणि त्या-त्या खुर्चीचे ठरलेले असतात आणि पुष्कळदा वेगळे विकत घ्यावे लागतात. एकाच कंपनीच्या दोन वस्तूही एकमेकींना बसतीलच असं नाही. आमच्या जुन्या बाबागाडीचे तुकडे मिळालेच नाहीत. दोरीने किंवा पट्ट्याने बांधून काम भागवायचा विचार मनातही आणू नका. पायरीवरून उतरताना खुर्ची बाळासकट घसरेल.

दुसरा धडा गाडीचा. आमची मोटार जुनी. नव्या गाड्यांत खुर्ची थेट अडकवायच्या लोखंडी कड्या असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात. आमच्या गाडीत त्या नाहीत, त्यामुळे सीटबेल्टवरच भिस्त. मला आवडलेल्या त्या 'खट्' वाजणाऱ्या खुर्चीभोवती बेल्ट फिरवला, तर तो वीतभर अपुरा पडला! दुकानाच्या दारात गाडी उभी करून लावून पाहिली म्हणून बरं. घरी आणून खोकं फोडलं असतं तर पैसे अडकले असते.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी उलटीकडून सुरुवात केली होती. आधी बाबागाडी, मग खुर्ची, मग मोटार! खरा क्रम असा: खुर्ची आधी आपल्या गाडीत घट्ट बसली पाहिजे, मग आपल्या बाळाला नीट बसली पाहिजे, आणि हे दोन्ही जमल्यावर बाबागाडीशी जमली तर दुधात साखर. आम्ही साध्या रंगाची, बेल्टला पुरणारी खुर्ची घेतली. ती आमच्या बाबागाडीवर बसत नाही. मला वाईट वाटलं, पण चार दिवसच.

कारण नंतर बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितलं, ते मला आधी कळायला हवं होतं. अर्धवट बसल्या स्थितीत तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत खुर्चीत सलग अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये; पुढेही दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढावं. गाडीतून उतरल्यावर तसंच बाबागाडीवर अडकवून बाजारभर फिरवणं किंवा घरी आणून त्यातच झोपू देणं योग्य नाही. झोपायला सपाट अंथरूणच हवं. बाबागाडीही बाळ बसू लागेपर्यंत पूर्ण आडवी होणारीच हवी. नणंदेची ती तशी होते. म्हणजे जिच्यावर मी भाळले होते, ती सोय थोड्या वेळापुरतीच होती.

खरेदीला निघणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी चार गोष्टी. खुर्चीवरचं लेबल वाचा. आपल्या देशाचं मानक 'एआयएस ०७२' आहे, युरोपचं नवं मानक 'आर १२९'. वजनाची मर्यादा पहा. तान्ह्या बाळाच्या पुष्कळ खुर्च्या १३ किलोपर्यंतच्या असतात. डोकं खुर्चीच्या वरच्या कडेबाहेर जाऊ लागलं, की वजन भरलं नसलं तरी ती लहान झाली समजावं. पुढे मोठी खुर्ची लागणारच, तो खर्च आधीच धरून ठेवा. बाबागाडी वापरलेली चालेल, पण खुर्ची अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. अपघातातून गेलेली असली तर आतली चीर डोळ्यांना दिसत नाही.

पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून पहा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. जाड स्वेटर किंवा दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका, साधं झबलं घालून लावा आणि थंडी असेल तर गोधडी वरून पांघरा. उन्हाळ्यात गाडी उभी असताना खुर्चीवर पांढरा पंचा टाकून ठेवा, नाहीतर बक्कल चटका देण्याइतकं तापतं. आणि हो, २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा अशी खुर्ची न लावता नेल्यास १००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने घेण्याची ही वस्तू नव्हे.

धाकटा तीन महिन्यांचा झाल्यावर त्याच रस्त्याने आलो. सासूबाई मुद्दाम आम्हाला न्यायला आल्या होत्या. त्या त्याच्या शेजारी मागे बसल्या, त्याच्या मुठीत स्वतःचं बोट देऊन. कराडला थांबून त्याला बाहेर काढलं, दूध पाजलं, पाय मोकळे केले. पुन्हा बसवताना तो कळवळून रडला. माझा हात पट्ट्यावर थबकला. घ्यावं का मांडीवर? सासूबाईंनीच पट्टा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "रडू दे. रडतंय ते बरं."

आता तो दहा महिन्यांचा आहे. परवा एका लग्नाला निघालो, तेव्हा चुलत सासूबाई आमच्या गाडीत बसल्या. बसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले, "आण गं, मी घेते मांडीवर. काय मेलं बांधून ठेवलंय त्याला!" मी उत्तर शोधत होते. तेवढ्यात पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "गाडी थांबली की घ्या हो वन्सं. तोवर नाही."