मुंबईचा माणूस : पहिल्या दिवशीचा आणि नंतरचा

गावाकडचा माणूस दादरला गाडीतून उतरला की त्याचे मत लगेच तयार होते : "इथली माणसे कोरडी. कुणी थांबत नाही, कुणी रामराम घेत नाही." कामानिमित्त दादर, परळ, लालबाग या भागांत माझे बरीच वर्षे जाणे-येणे आहे, आणि हे वाक्य अनेक शेतकरी बांधवांच्या तोंडून मी ऐकले आहे. पण माती परीक्षणासाठी नमुना घेताना आपण वरचा काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल खणतो. मग माणसाचा निकाल तेवढा वरवर पाहून का द्यावा?

दादर स्टेशनजवळचा फूलबाजार घ्या. पहाटे झेंडू-शेवंतीचा माल उतरतो तेव्हा व्यापारी धड बोलत नाही. उन्हे चढली की फूल मान टाकते आणि भाव पडतो, म्हणून ती घाई. आभाळ भरून आले असता खळ्यावर आपण तरी पाहुण्याशी किती बोलतो?

परळ-लालबाग म्हणजे जुने गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायका-मुले गावी ठेवून एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राही आणि जेवायला खानावळीत जाई. खानावळवाली बाई जिभेने तिखट, हिशेबाला चोख. नव्या माणसाला ती कजाग वाटे. पुढे कळे, की ही माउली स्वतः उधारीवर धान्य आणते, सावकाराचे व्याज भरते आणि एका खोलीच्या घरात वीस-पंचवीस ताटे वाढते. एकाने पैसे बुडवले तरी तिची चूल अडते. संपाच्या काळात पगार नसलेल्या कामगारांना याच बायकांनी उधारीवर जेवू घातले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा अनेक घरांना त्यांचाच आधार होता.

बँकांचेही पहिले मत असेच होते. या बायकांजवळ जमीन नाही, तारण नाही, मग कर्ज कशावर द्यायचे? 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घ्यायची असे ठरले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडले. कर्ज मिळाले, फिटले, आणि बँकांचे मत बदलले. आज आपल्या गावातले बचत गट याच भरवशावर चालतात.

याच गिरणगावात रस्त्यावर सापडलेले एक पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आपले म्हणून वाढवले. पुढे तो मुलगा शाळेत शिपाई झाला. त्या शिपायाकडे पाहून कुणाला वाटले असेल, की हे नारायण सुर्वे 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतील?

आता बहुतेक गिरण्या बंद झाल्या, त्या जागी उंच इमारती आल्या. तरी परळला आपले जाणे सुटत नाही, कारण केईएम आणि टाटा ही रुग्णालये तिथेच आहेत. आजारी माणूस घेऊन गेलेल्याला पहिल्या दिवशी खिडकीवरचा कारकून तुसडा वाटतो. चार दिवसांनी तोच कारकून कोणता कागद कुठे द्यायचा ते सांगतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारी उतरलेला परजिल्ह्यातला माणूस आपल्या रुग्णाजवळ रात्र जागतो. पहिल्याच दिवशी रागाने उपचार टाकून परतणाऱ्याला हे कळतच नाही, आणि त्याची किंमत घरच्या रुग्णाला मोजावी लागते.

घरातही हेच. नवी सून अबोल आहे, नवा ग्रामसेवक शिष्ट आहे, असे आपण आठ दिवसांत ठरवतो. नव्या वाणाला आपण दोन-तीन हंगाम देतो, तेव्हा कुठे त्याच्याबद्दल बोलतो. माणसाला निदान एक हंगाम तरी द्यावा.