मुलींची जीप

उर्दू शायरीने काचेचे फार लाड केले आहेत. दिल म्हटले की शीशा आलाच, आणि शीशा म्हटला की कुठून तरी संग, म्हणजे दगड, येणारच. प्लास्टिकला त्या दरबारात जागा नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा प्लास्टिकची बाजू घेणारे आमच्या घरात आम्हीच. पण ते कुठे असावे आणि कुठे नसावे, हे आम्हाला बी.एड.च्या पुस्तकांनी नाही, एका जीपने शिकवले.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. डोंगराकडच्या वाड्यांवरून अकरा मुली एका जुन्या जीपने शाळेत येतात. डांबर संपते तिथून पुढे दगडधोंडे, चिखल आणि दोन ओढे. एस.टी. तिकडे जात नाही. जीप बंद म्हणजे शाळा बंद. आणि आमच्यात मुलीची शाळा एकदा बंद झाली की ती सहसा पुन्हा सुरू होत नाही, निकाहाची बोलणी सुरू होतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात या जीपचे मागचे चाक चरात गेले. गाडी कलली आणि बाजूची काच फुटली. नववीतल्या एका मुलीच्या हाताला सात टाके पडले. सोमवारी चार मुली आल्या नाहीत. आम्ही वाडीवर गेलो, तर पालकांचे म्हणणे एकच : "सर, जीपला काच नको, नाहीतर आमची पोरगी नको."

आमचे मामू जीपचे हूड, सीट, कुशन शिवतात. चाळीस वर्षे हाच धंदा. त्यांनी जीपच्या पत्र्यात अडकलेला काचेचा तुकडा काढून उन्हात धरला आणि म्हणाले, "ये गाडी की काँच हैच नै. घर की खिडकी की है."

तेच खरे होते. जीप मुळात कापडी हुडाची. मालक आप्पांनी थंडीवाऱ्यासाठी बाजूला लोखंडी चौकटी बसवून त्यात साधी, सरकती काच घातली होती. साधी काच फुटली की तिचे सुरे होतात. गाडीच्या बाजूची काच टफन्ड असते. तापवून एकदम थंड केलेली. ती फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. समोरची काच वेगळी, लॅमिनेटेड : दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. फुटली तरी तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाने या काचेचे पेटंट 1909 साली घेतले. म्हणजे काच आणि प्लास्टिक यांची सोयरीक जुनीच आहे.

आप्पांनी मात्र एकदम टोक गाठले. डोंगरात शर्यतीच्या जीपा पळवणारी पोरे सगळ्या काचा काढून पॉलिकार्बोनेट बसवतात, असे त्यांनी ऐकले होते. "चाचा, समोरचीसुद्धा काढा. एकदाची कटकट मिटू दे."

मामू म्हणाले, "आप्पा, बाजूचं सगळं बदलून देतो. समोरच्या काचेला हात लावणार नाही."

आप्पा चिडले. साताऱ्यात दुसरा कारागीर दोन तासांत करून देईल, म्हणाले. मामूंनी वाद घातला नाही. दुकानात एका जुन्या पडद्याचे प्लास्टिक पडले होते, दोन पावसाळे वापरलेले. मगरिबची वेळ होत आली होती. त्यांनी आप्पांना जीपमध्ये मावळतीकडे तोंड करून बसवले आणि तो तुकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. ऊन प्रत्येक ओरखड्यात अडकून समोर सगळे पांढरे झाले. रस्त्यात उभी असलेली आमची मोटारसायकलही आप्पांना दिसेना. ते मुकाट्याने खाली उतरले.

प्लास्टिकची गोम हीच आहे. पॉलिकार्बोनेट दगडाने फुटत नाही, वजनाने काचेच्या निम्मे असते. पण अंगाने मऊ. धुळीवरून एकदा वायपर फिरला की चरे पडतात. त्यावर कडक लेप दिलेला पत्रा मिळतो, पण महाग. आणि लेपही कायमचा नसतो. कायदाही मामूंच्याच बाजूने निघाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 1989च्या नियम 100 मध्ये गाडीला सेफ्टी काच सांगितली होती. मात्र तीनचाकी आणि हूड व बाजूचे पडदे असलेल्या गाड्यांच्या खिडक्यांना ॲक्रिलिक किंवा पारदर्शक प्लास्टिकची सवलत होती. सवलत खिडक्यांना, समोरच्या काचेला नव्हे. 1941च्या लष्करी विलीज जीपलाही काच होती ती फक्त समोर; बाकी सगळा कापडी कारभार.

आता बाजूला कुठले प्लास्टिक? ॲक्रिलिक स्वच्छ दिसते आणि ओरखड्याला पॉलिकार्बोनेटपेक्षा बरे, पण आपटले की तडकते आणि कडा धारदार होतात. ते बाद. आम्ही पॉलिकार्बोनेट सुचवले. मामूंना त्याच्या खोडी माहीत होत्या : ऊन लागले की ते काचेच्या सात-आठ पट फुगते, म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठे पाडायचे आणि नट आवळून मारायचा नाही, पेट्रोल, थिनर लागले की बारीक तडे जातात, मऊ रेक्झिनची पट्टीसुद्धा त्याला बाधते, खाली रबरच हवे. हे सगळे सांगून त्यांनी विचारले, "जीप ओढे में उलटी हुई, दरवाजा फसा, तो बच्ची बाहर कैसे आयेगी? ये तो हथोडे से बी नै टूटता."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. जे आत येणाऱ्या दगडाला अडवते, ते बाहेर पडणाऱ्या मुलीलाही अडवते. टफन्ड काच निदान फोडता येते.

शेवटी लोखंडी चौकटी निघाल्या आणि जुन्या पद्धतीचे कापडी पडदे आले. त्यात मऊ, पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवलेली. खालून टिचबटणे आणि एक लाल पट्टा. पट्टा आतून ओढला की अख्खा पडदा सुटतो. मामूंनी अकराही मुलींकडून तो एकेकदा ओढून घेतला. सगळ्यात लहान मुलीला जोर पुरेना, तेव्हा बटणे बदलून सैल लावली. मालाचे पैसे आप्पांनी दिले, मजुरी मामूंनी घेतली नाही. समोर लॅमिनेटेड काच तशीच राहिली.

निगा मुलींकडेच आहे. कोरड्या फडक्याने पुसायचे नाही. आधी भरपूर पाणी ओतून माती वाहू द्यायची, मग सुती ओले फडके. काच पुसायचे निळे पाणी वापरायचे नाही. पडदा गुंडाळताना प्लास्टिकमध्ये कापड ठेवायचे. तरी ते पिवळे पडायला लागलेच आहे. उन्हापुढे त्याचा इलाज नाही; दोन-तीन वर्षांनी बदलावेच लागणार, आणि त्यासाठी पालकसभेत महिन्याला दहा रुपये ठरले आहेत.

न येणाऱ्या चार मुलींपैकी तिघी परत आल्या. टाके पडलेली त्यांत होती. यंदा ती दहावी पास झाली आणि अकरावी विज्ञानाला गेली. चौथी आली नाही. आम्ही तीनदा तिच्या घरी गेलो. तिसऱ्या खेपेला तिच्या अब्बांनी आमच्यापुढे लग्नाची पत्रिका ठेवली. जीपला काच आहे की प्लास्टिक, हे त्यांनी विचारलेदेखील नाही.