वाचा बसलेल्या बाईची गोष्ट

अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ ही पहिलीच कादंबरी. २०१९ मध्ये ती आली आणि बघता बघता जगभर खपली. लेखकाने मानसोपचाराचा अभ्यास केलेला, काही काळ मनोरुग्णांच्या संस्थेत कामही केलेलं. म्हणून आम्ही दोघी जावांनी ती मोठ्या आशेने हाती घेतली. मुलं झोपली की एकीने वाचायचं आणि खूण ठेवायची, दुसऱ्या रात्री दुसरीने.

गोष्ट लंडनची. अ‍ॅलिशिया ही नावाजलेली चित्रकार एका रात्री नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्दही बोलत नाही. सहा वर्षांनी थिओ हा मानसोपचारतज्ज्ञ तिच्या रुग्णालयात नोकरी धरतो, तिला बोलतं करायचंच म्हणून.

आमच्या आशेला कारण होतं. आमच्या सासरच्या एका खालांचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला आणि त्यांची वाचा बसली. जनाजा उठला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणीही आलं नाही. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं नाटक करते. ताईत झाले, डॉक्टर उशिरा आले. गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांची नणंद रोज दुपारी शेजारी बसून मुकाट्याने तांदूळ निवडू लागली. कित्येक महिन्यांनी खाला बोलल्या ते एवढंच, “चहात साखर कमी आहे.” त्या मधल्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते आम्हाला आजही उमगलेलं नाही. या पुस्तकातून थोडं कळेल असं वाटलं होतं.

पुस्तक पकडून ठेवतं, यात शंका नाही. पण थिओ उपचार करायचा सोडून गुप्तहेरासारखा हिंडतो. अ‍ॅलिशियाच्या दिराला भेटतो, आतेभावाला भेटतो, घराघरांतून माहिती काढतो. इतर रुग्ण केवळ भीती घालायला आहेत. त्यातली एलिफ ही धिप्पाड तुर्की बाई तर निव्वळ बुजगावणं. ज्यांना शेवट कळू द्यायचा नाही, त्यांनी इथेच थांबावं.

शेवटी उलगडतं की अ‍ॅलिशियाच्या घरावर पाळत ठेवणारा माणूस थिओच होता. त्याच्या बायकोचे अ‍ॅलिशियाच्या नवऱ्याशी संबंध होते. सहा वर्षांचं अंतर असलेल्या दोन गोष्टी लेखकाने एकाच काळातल्या भासवल्या होत्या. युक्ती बेमालूम आहे, दाद द्यावीच लागते. पण त्या युक्तीपायी बाईचं गप्प राहणं म्हणजे नुसतं कुलूप होऊन बसतं. किल्ली फिरली, कुलूप उघडलं, पुस्तक संपलं.

शिवाय रुग्णाने सांगितलेलं ही उपचार करणाऱ्याकडची अमानत असते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. थिओ ती अमानत पायदळी तुडवतो, पण लेखक त्याकडे केवळ धक्का म्हणून पाहतो. दारावर तज्ज्ञाची पाटी दिसली तरी जायला कचरणाऱ्या आपल्या बायकांना अशा पुस्तकाने धीर येण्याऐवजी आणखी धास्तीच वाटेल.

आम्हाला सर्वांत हळहळ वाटली ती एका जागी. अ‍ॅलिशिया लहान असताना आई मोटारीच्या अपघातात जाते आणि मुलगी वाचते. तिच्या कानावर बापाचे शब्द पडतात: बायकोच्या जागी ही पोरगी का नाही मेली? पुढे थिओ नवराबायकोला बांधून विचारतो, दोघांपैकी कोण मरायचं? नवरा स्वतःचा जीव मागतो. बापाने एकदा मारलेली मुलगी तिथे दुसऱ्यांदा मरते. ग्रीक नाटककार युरिपिडीसची अल्सेस्टिस नवऱ्याच्या जागी मरण पत्करते, परत येते ती गप्प. अ‍ॅलिशिया आपल्या चित्राला तिचंच नाव देते. खरी कादंबरी इथे होती. लेखकाला मात्र पुढच्या धक्क्याची घाई, म्हणून बापाचं ते वाक्य काही पानांतच मागे पडतं.

असली वाक्यं काही लंडनमध्येच बोलली जात नाहीत. मुलगा गेला आणि मुलगी राहिली, तर आपल्या आंगणातही, बसायला आलेल्या बायकांसमोर, कुणीतरी तेच बोलून जातं. बोलणारा विसरतो. दाराआड उभी असलेली पोर ते जन्मभर वाहते. तिच्याजवळ थोडा वेळ थांबेल, अशी कादंबरी आम्ही दोघी अजून शोधतो आहोत.