दुपारची विहीर

मार्च उलटला की हैदराबादच्या चौकाचौकांत चलिवेंद्रम उभी राहतात. आपल्याकडची पाणपोईच ही. मांडवाखाली ओल्या वाळूत माठ, त्यांवर भिजवलेलं फडकं. ऑटोवाले थांबतात, हमाल थांबतात, ओंजळीत पाणी घेऊन आधी तोंडावर मारतात, मग पितात. त्यांच्याकडे पाहताना मला योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय आठवतो. चालून चालून दमलेला येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याचं बोलणं नंतर. आधी तहान, आधी मागणं.

आम्ही चर्चमधल्या काही बायका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातो. अंग पुसायचं, चादर बदलायची, पाठीवरच्या जखमा धुवायच्या. पाठ दुखते, पण तो शीण झोपेनं जातो. जात नाही तो दुसरा. मागच्या खेपेला धुतलेली जखम या खेपेला तशीच ओली दिसते, आणि जिना उतरताना पाय जड होतात.

अशा वेळी इझाबेल कर यांचा विचार मनात येतो. स्कॉटलंडची ही मिशनरी डॉक्टर 1907 मध्ये नवऱ्यासोबत निजामाच्या राज्यात आली. मराठवाडाही तेव्हा याच राज्यात होता. महारोग्याला घर नव्हतं, गाव नव्हतं. निजामाबादेत काम सुरू झालं, जागा पुरेना. तेव्हा नरसा गौड नावाच्या हिंदू दात्यानं पैसा पुढे केला आणि 1915 मध्ये डिचपल्लीला इस्पितळ उभं राहिलं. औषध म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल. घट्ट तेल, दुखरी सुई, पुन्हा पुन्हा टोचायची, महिनोन्महिने, कुणाला वर्षानुवर्षं. गुण आला तर थोडा, कुणाला तोही नाही. डॅप्सोन हे गुणकारी औषध यायला अजून काही दशकं होती. आज टोचलेल्या सुईचं फळ उद्या दिसत नसताना उद्याची सुई तयार ठेवायची, हे बळ मला फार मोठं वाटतं. आणि मिशनच्या त्या इस्पितळाचा पाया परधर्मीयाच्या दानावर उभा आहे, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. सेवा देणाऱ्यांनीही दान घेतलं होतं.

चांगलं करताना खचू नका, असं पौलानं गलतीकरांना लिहिलं. दमलेल्या माणसाला हे वचन फार लगेच ऐकवलं जातं, असं माझं मत आहे. त्याच सहाव्या अध्यायात, थोडं आधी, त्यानं एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय. ते आधी वाचावं. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवानं त्याला दोष दिला नाही. देवदूतानं निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. होरेब पर्वताचा रस्ता त्यानंतरचा.

आम्ही जातो त्यांपैकी एका घरात तेलुगू आजी आहेत. उजवा हात चालत नाही. चादर बदलून झाली की त्या डाव्या हातानं खाटेची कड थोपटतात, “कूर्चो अम्मा,” बस म्हणतात, आणि सुनेला मज्जिग आणायला लावतात. पातळ ताक, मीठ, कढीपत्ता. पूर्वी मी घाईत नको म्हणत असे. पुढचं घर वाट पाहत असायचं. आता बसते. पेला रिकामा होईपर्यंत आजी काही बोलत नाहीत, नुसत्या पाहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरधनिणीचा रुबाब येतो. नव्यानं यायला लागलेल्या मुलींना मी पट्टी बांधायला शिकवते तेव्हा हेही सांगते, की कुणी काही प्यायला दिलं तर घ्यायचं, बसून प्यायचं, मग पुढच्या घरी जायचं.