परदेशातील समुद्राआधी बारवीचा काठ

आईवडिलांना एकदा परदेशातील समुद्रकिनाऱ्यावर घेऊन जावे, असा विचार हल्ली अनेक घरांत होतो. फुकेत, बाली, मॉरिशस अशी नावे निघतात, रिसॉर्टची छायाचित्रे हातोहात फिरतात. घरातील ज्येष्ठ व्यक्ती ती कौतुकाने पाहते आणि म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मला कशाला?’ या ‘कशाला’मागे दर वेळी अनिच्छाच असते असे नाही. पुष्कळदा त्यामागे भीती असते. वाटेत लघवीला लागले तर? पाय घसरला तर? आपल्यापायी सगळ्यांची सहल बिघडली तर? ही भीती नुसत्या समजुतीने जात नाही. ‘आपल्याला हे जमते’ हा अनुभव आला की ती ओसरू लागते.

म्हणून वाचकहो, विमानाचे तिकीट काढण्याआधी घराजवळच्या पाण्याकाठी एक सकाळ घालवावी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील कुटुंबांना त्यासाठी बारवी धरणासारखी जागा नाही.

बारवीची रंगीत तालीम

बदलापूरहून मुळगावमार्गे मुरबाडकडे जाणारा रस्ता बारवीच्या जलाशयाजवळून जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ सालचे. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवण्यात आली आणि आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. या वाढीत मुरबाड तालुक्यातील काही गावे आणि पाडे पाण्याखाली गेले. त्या भागात ज्यांचे जाणेयेणे होते, अशा ज्येष्ठांना इथे बोलते करावे. आठवणी निघाल्या की चार पावले अधिक चालली जातात.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सुट्टीचा नसलेला दिवस निवडावा. पावसाळ्यात धरणे व धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश लागू होतात; ते पाळावेत. हे पिण्याचे पाणी आहे, त्यात उतरू नये. धरणाच्या भिंतीकडे न जाता, परवानगी असेल तिथूनच जलाशय पाहावा. वाटेत स्वच्छतागृह मिळेलच असे गृहीत धरू नये. पाणी, डबा, घडीची खुर्ची आणि औषधे सोबत असावीत.

त्या सकाळी सोबतच्या व्यक्तीने पाच गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात. गाडीत सलग किती वेळ बसवले? लघवीसाठी किती वेळा थांबावे लागले? खडबडीत जमिनीवर आधाराशिवाय किती चालता आले? उन्हात किती वेळाने थकवा किंवा चक्कर जाणवली? आणि दुसऱ्या दिवशी अंग किती दुखले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. ज्येष्ठ माणसे सहलीत ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतात. खरे काय ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते.

वहीतून तिकिटाकडे

ही वही घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा श्वसनाचा आजार असेल, तर विमानप्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. औषधांची चिठ्ठी मूळ रासायनिक नावांसह लिहून घ्यावी, कारण कंपनीचे नाव परदेशातील दुकानदाराला कळेलच असे नाही. झोपेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. त्यासाठी त्या देशाच्या वकिलातीकडे आधीच चौकशी करावी.

प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब किंवा जुना हृदयविकार लपवू नये. लपवलेल्या आजाराच्या खर्चाचा दावा नाकारला जाऊ शकतो. पूर्वीच्या आजारांना संरक्षण आहे का, हे वाक्य पॉलिसीत स्वतः वाचून घ्यावे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच, निदान ४८ तास आधी नोंदवावी. ती मागण्यात कमीपणा नाही. विमानतळावरचे चालणे बारवीच्या फेरफटक्याहून अधिक भरू शकते.

विमानात

सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि मुक्कामापेक्षा आठवडाभराची अधिक घ्यावीत. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात देऊ नये. तिथे ते गोठले तर निकामी होते. दर तास-दीड तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात, बसल्या जागी पायांचे घोटे फिरवावेत. दीर्घकाळ पाय लोंबकळत राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लघवीच्या भीतीने पाणी पिणे टाळू नये. त्याऐवजी स्वच्छतागृहाजवळची, कडेची जागा आधीच मागून घ्यावी.

किनाऱ्यावर: मॉरिशसचे उदाहरण

पहिल्याच परदेशप्रवासासाठी मॉरिशस अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात आणि वेळेतील फरक केवळ दीड तासाचा आहे. त्यामुळे औषधांच्या वेळा फारशा विस्कटत नाहीत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आपली माणसे इथवर आली होती, ही जाणीवही परकेपणा कमी करते.

तिथले ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हे उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचे महिने. मे ते ऑक्टोबर हा काळ सौम्य. पूर्व किनाऱ्यावर वारा बोचरा असतो, म्हणून ज्येष्ठांना फ्लिक-अँ-फ्लाकसारखा पश्चिमेकडील किनारा बरा.

रिसॉर्ट ठरवताना समुद्राच्या देखाव्याआधी तीन प्रश्न विचारावेत. खोली तळमजल्यावर आहे का, किंवा लिफ्ट आहे का? खोलीपासून भोजनगृह किती पावलांवर आहे? न्हाणीघरात बाथटबऐवजी सपाट जमिनीवरचा शॉवर आणि धरायला दांडा आहे का? बाथटबची कड ओलांडताना तोल सहज जातो.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत ऊन टाळावे. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते. दिवसभरात पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारूनच निघावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायांची संवेदना मंदावलेली असल्यास तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच ध्यानात येते. समुद्रातही रबरी तळव्याचे बूट घालावेत, कारण प्रवाळाच्या कपारींत विषारी काट्यांचे मासे असतात. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, कुणाचा तरी हात धरून आणि लाटांकडे पाठ न करता उभे राहावे. मॉरिशसमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११४ हा क्रमांक आहे. तो रिसॉर्टच्या पत्त्यासह एका चिठ्ठीवर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवावा.

सोबतच्या माणसासाठी

काळजी घेणाऱ्यालाही सुट्टी हवी असते, हे उघडपणे मान्य करावे. घरातील दोघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. दिवसाला एकच कार्यक्रम ठेवावा आणि एक आड एक दिवस संपूर्ण विश्रांतीचा असावा. ज्येष्ठांना खोलीतच बसावेसे वाटले तर आग्रह करू नये. गॅलरीतून दिसणारा समुद्र हाही समुद्रच असतो.

आणि बारवीच्या वहीने ‘अजून नको’ असे सांगितले तर? तर ते ऐकावे. गुडघ्यांवर उपचार, रोजची थोडी चाल आणि साखरेवर नियंत्रण यांसाठी सहा महिने द्यावेत आणि पुन्हा एकदा त्याच काठावर जाऊन तीच पाच उत्तरे लिहावीत. दोन्ही पाने शेजारी ठेवून निर्णय घ्यावा, आणि त्यात पहिले मत ज्यांना न्यायचे आहे त्यांचे असावे. दुसऱ्या खेपेलाही उत्तर तेच आले, तर हिवाळ्यातील एखादी सकाळ बारवीच्या काठी सर्वांनी मिळून घालवावी. तीही सहलच आहे.